पाठ झालेलं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं ते कधी जुन्या घरात राहायला गेले नसावेत. घर नवं बांधलं तर त्यातल्या चुका निदान आपल्या असतात. जुन्या घरात दुसऱ्याच कुणीतरी कधीकाळी करून ठेवलेल्या चुका आपण निस्तरत बसायचं, आणि तो माणूस चार शब्द सुनवायलासुद्धा सापडत नाही.

हे घर घेतलं ते बाबांसाठी, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांसाठी. आधीची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. सूनबाईचा नवरा लिफ्टचा मिस्त्री. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचा आणि रात्री स्वतःचे तीन जिने चढून घरी यायचा. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," असं बाबा त्याला चिडवायचे. पुढे बाबांच्याच डोळ्यांपुढे अंधार यायला लागला तेव्हा ती थट्टा आपोआप बंद झाली. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्यात कडेकडेने काळोख शिरत होता. जिना उतरताना ते एकदा दोन पायऱ्या चुकले आणि नवऱ्याने बैठं घर शोधायला घेतलं.

सूनबाई हे तिचं नाव नव्हे, पण बाबा तिला अर्ध्या थट्टेने आणि अर्ध्या मानाने तीच हाक मारायचे, म्हणून आपणही तेच म्हणू. ती शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. सगळं जग उन्हाळ्यात सुट्टीवर जातं, पण शाळा उघडायच्या आत गणवेश तयार हवेत, त्यामुळे तिचा उन्हाळा म्हणजे कॉलर आणि चुण्या. त्यातच घर बदलणं आलं. खोके फोडायचे, गॅस जोडून घ्यायचा, डबे करायचे, कारखाना गाठायचा. शिवाय भिंगरीची सुट्टी लागलेली. भिंगरी म्हणजे यांची लेक, आठ-नऊ वर्षांची, एका जागी न ठरणारी. तिला समुद्र बघायचा होता. मागच्या उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी नक्की' असं सांगून तिची समजूत घातली होती, आणि त्याच्याही आदल्या उन्हाळ्यात तेच सांगितलं होतं. यंदा तिने स्वतःच पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

घराच्या खोड्या तर एकाहून एक. स्वयंपाकघराला भलामोठा उंबरा, एका कोपऱ्यात फुटलेला, त्यावर घरातल्या प्रत्येकाचा अंगठा किमान एकदा ठेचला होता. बोळकांडीतली एक फरशी पोकळ, तिच्यावर पाय पडला की खडक् करून वाजायची. मोरीतला नळ कितीही आवळा, टपटप चालूच. मागचं दार जमिनीला घासत असं किंचाळायचं की शेजारचं कुत्रं उत्तर द्यायचं. बोळकांडीच्या भिंतीला ओल येऊन गिलावा पोपडे धरून सुटलेला, येता-जाता खांद्याला पांढरं लागायचं. "आगीतून उठून फुफाट्यात पडलो," असं सूनबाई रोज एकदा म्हणायची आणि कपडे झटकून कामाला पळायची.

सगळे घराशी भांडत होते. पटलं ते फक्त बाबांचं. पहिले काही आठवडे ते दिवसभर घरातल्या घरात फिरत राहिले. भिंतीवर हात, पाय घासत, मध्येच थांबून एका डोळ्याच्या उरल्यासुरल्या उजेडात वाकून बघत. सूनबाईला वाटलं, म्हातारा माणूस कंटाळलाय. मग एके दिवशी त्यांनी भिंत सोडली. हात पाठीमागे बांधून, मान ताठ ठेवून ते बोळकांडीतून असे चालायला लागले की भिंगरी धडकायची, ते नाही धडकायचे. पहाटे उठून स्वतः चहा करायचे आणि सूनबाईला जाग येईपर्यंत कप उशाशी घेऊन हजर.

"घे. साखर घातलीय की मीठ, ते पिऊन सांग."

"मीठच आहे बाबा."

"मग बरोबर. तुला गोड बोलायची सवय नाहीच."

माहेरी तिला कुणी अंथरुणात चहा दिला नव्हता, आणि नवऱ्याने तर नाहीच नाही. दिवसभराच्या धावपळीत हा एवढा एक कप तिचा होता. त्या चहासाठी ती घराच्या सगळ्या खोड्या माफ करायची.

बाबांचं एकच सांगणं होतं: मला धरायचं नाही. सारा जन्म त्यांनी बस चालवली होती. "ड्रायव्हरला कुणी हाताला धरून नेतं का?" असं म्हणून ते मदतीला आलेला हात झटकायचे. भिंगरीचासुद्धा.

समुद्राचा बेत पक्का व्हायला आला तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. आठवडाभर बाबांचं काय? नवऱ्याची थोरली बहीण, ताई, त्याच गावात राहायची. ती एका रविवारी मुद्दाम आली.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे यायचं. त्यात विचारायचं काय?"

"मी इथेच राहणार."

"एकटे? अहो, तुम्हाला दिसत नाही!"

"तुला दिसतं ना? मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी आण बघू."

ताई तणतणत उठली आणि उंबऱ्याला अडखळून ओट्यावर आपटली. बाबा पोट धरून हसले. मग हसू थांबवून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ पोरी, तुझ्याकडे मी पाहुणा. पाहुण्याला खुर्चीत बसवतात, हातात कप देतात, हाताला धरून झोपायला नेतात. इथे मी माझा मी उठतो, माझा मी जातो. तेवढं राहू दे. त्या आठवड्यात मी एकट्याने राहून दाखवतो. नाही जमलं तर पुढे तुम्ही म्हणाल तिथे येईन."

ताईने अंगठा चोळत एक अट घातली. ती रोज संध्याकाळी चक्कर मारेल, पण आधी हे घर धड करा. हा उंबरा, ती फरशी, ते दार. "उद्या पडले म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" ती म्हणाली आणि नजर सूनबाईकडे ठेवली.

सूनबाईने ते मनावर घेतलं. ताईचा शब्द झोंबला हे खरं, पण त्याहून खरं हे की बाबांनी ती पैज जिंकावी असं घरात सगळ्यांत जास्त तिलाच वाटत होतं. ते पडले असते तर त्यांचं उभं राहणंच संपलं असतं. म्हणून तिने ठरवलं, पडण्यासारखं घरात काही ठेवायचंच नाही. शनिवारी ताई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होती, तिथूनच तिच्या घरी मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. बाबांना काही सांगायचं नाही असं ठरलं. आल्यावर त्यांना गंमत वाटली पाहिजे.

सूनबाईने ऐन हंगामात शनिवारची सुट्टी मागितली म्हणून कारखान्यातल्या देखरेखीच्या बाईंनी नाक मुरडलं. तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. गवंडी आला. त्याने उंबरा काढून जमीन सपाट केली. पोकळ फरशी उचलून खाली माल भरला आणि ती घट्ट बसवली. भिंत खरवडून नवा गिलावा घोटला, हात फिरवला तर सरकून जाईल असा. नवऱ्याच्या हातांना तर आधीपासूनच खाज होती. कुरकुर ऐकली की ती बंद केल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही असा तो माणूस. त्याने मागचं दार तासून, बिजागऱ्यांना तेल देऊन असं केलं की बोटाने ढकललं तरी आवाज न करता उघडावं. नळाचा वायसर बदलला. टपटप थांबली तशी तिघंही मोरीच्या दाराशी उभी राहून ती शांतता ऐकत राहिली.

त्या दोन दिवसांत सूनबाई फार सुखात होती. केसांत चुना, नखांत सिमेंट, भिंगरी मध्येमध्ये लुडबुडतेय, नवरा शीळ घालतोय. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की हे आपलं घर आहे.

रविवारी संध्याकाळी ताई बाबांना घेऊन आली. बाबा चपला काढत होते तेवढ्यात ताईने सूनबाईला अंगणात ओढलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"दुसराही गेला," ती म्हणाली. "पूर्ण. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही, केव्हाच गेलाय. यांनी सांगितलंच नाही कुणाला."

सूनबाईला पहिल्यांदा काही कळेचना. कालपरवापर्यंत हा माणूस उकळता चहा गाळून बोळकांडीतून चालत तिच्या उशाशी आणत होता. म्हणजे तेव्हाही त्यांना काही दिसत नव्हतं. आणि घरातल्या तीन डोळस माणसांना त्याचा पत्ता नव्हता! तिला रडू आलं आणि अभिमानही वाटला. बरं झालं, तिच्या मनात आलं, अगदी वेळेवर घर सुधारून घेतलं.

भिंगरीला दम कुठला? "आजोबा, हात लावून बघा!" तिने त्यांचा हात भिंतीवर ठेवला. बाबांनी तळवा फिरवला. एकदा, मग पुन्हा, थोडा वर, थोडा खाली. पायाने पुढची फरशी चाचपली.

"उंबरा?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकला!"

"आणि नळ?"

"तोही गप्प केला," नवरा म्हणाला. "आता बिनधास्त फिरा."

"वा," बाबा म्हणाले. "खूप केलंत. खूपच." ते दमलेले दिसत होते. दोन दिवसांच्या धावपळीने, आणि डॉक्टरने जे सांगितलं त्याने, असं सगळ्यांनी धरून घेतलं. त्या दिवशी ते पलंगावरून उठलेच नाहीत, जेवणही तिथेच मागितलं.

सकाळी सूनबाईला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि उशाशी कप नव्हता. ती उठून बाहेर आली. बोळकांडीच्या मधोमध बाबा उभे होते. हात अंगापासून थोडे दूर, बोटं पसरलेली, तोंड भिंतीकडे. पायजमा ओला झाला होता आणि पायाखालच्या, नव्याने बसवलेल्या फरशीवर पाणी पसरलं होतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

"सूनबाई," ते म्हणाले, "मोरी कुठे गेली गं?"

तिने त्यांना धरलं. त्यांनी हात झटकला नाही.

"मला हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही दोन दिवस राबलात. झोपला होतात." मग अगदी हळू, "पोरीला दिसायच्या आत आवर. आणि त्याला सांगू नकोस. बापाचं असं ऐकायला मुलाला बरं वाटत नाही."

तिने त्यांना पुसलं, कपडे बदलले, फरशी धुतली. सगळं झाल्यावर ते पलंगावर बसले आणि ती जमिनीवर, त्यांच्या पायाशी. आणि मग बाबांनी सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला सोसायला सोपं गेलं असतं.

"माझा सगळा जन्म एका रस्त्यावर गेला. हिवाळ्यात तिथे असं धुकं पडायचं की बसचं नाकसुद्धा दिसायचं नाही. तरी मी कधी गाडी थांबवली नाही. रस्ता मला ढुंगणाने कळायचा. हा खड्डा लागला, म्हणजे आता वळण. इथे गाडी डावीकडे कलली, म्हणजे पूल आला. पुढे कधीतरी रस्ता नवा केला, तेलासारखा. सगळे खूश. आणि पहिल्याच धुक्यात मी थांबा मागे सोडून गेलो. माणसं ओरडत धावत आली मागून." ते किंचित हसले. "या घराचंही तसंच होतं. फरशी वाजली की मोरीकडे वळायचं. नळाचा आवाज ऐकत सरळ. पोपडे संपले की आपली खोली. उंबऱ्याचा फुटका कोपरा पायाला लागला की हात पुढे केला, ओटा तिथेच असायचा. दार किंचाळलं की कळायचं, मागचं उघडं आहे, तिकडे जायचं नाही."

जिथे जिथे सूनबाईने हात लावला होता, नेमकं तेच.

"सांगितलं का नाहीत कधी?"

"काय सांगायचं? मलाच कुठे ठाऊक होतं? ते गेल्यावर कळलं."

"आपण पुन्हा पाठ करू, बाबा. मी शिकवते. रोज, कामावर जायच्या आधी."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा चुकून, कानावर पडला. "तेव्हा थोडं दिसत होतं गं. बघूनबघून पाठ केलं. आता कशावरून करू?"

तिने नवऱ्याला अर्धंच सांगितलं, पण ते अर्धंही पुरेसं होतं. तो कामावर गेलाच नाही. त्याने छिन्नी घेऊन फरशी पुन्हा सुटी केली, पण ती आता वाजेना, नुसती डगमगायची. नळ ढिला केला तर धार लागायची, आवळला की थांबायचा, टपटप काही जमेना. ज्या माणसाने सारं आयुष्य कुरकुर बंद करण्यात घातलं तो बिजागरीत वाळू कोंबत बसला होता, दाराने ओरडावं म्हणून. उंबऱ्याच्या जागी त्याने लाकडाची पट्टी ठोकली. बाबा मुलाच्या समाधानासाठी उठले, हात मागे बांधून निघाले, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर खांदा आपटून थांबले.

"चुकला थांबा," ते म्हणाले. पण कुणी हसलं नाही. भिंगरीही नाही.

मग सूनबाईने भिंतीला दोरी बांधली. बाबा दोन-तीन दिवस ती धरून चालले, पावलं घासत, पाठ वाकवून, आणि त्या दोरीवर तिला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. पुढे त्यांनी तीही सोडली. ते खुर्चीत बसायला लागले. पाणी हवं असलं की "कुणी आहे का?" असं विचारायचे. हक्काने हाक मारणं वेगळं, आणि हे वेगळं. कारखान्यात मशीनवर बसलं की तिला तो आवाज ऐकू यायचा. एके दिवशी तिने अख्ख्या गठ्ठ्याला कॉलर उलट्या लावल्या. बाई ओरडल्या आणि ती सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली. लोकांना वाटलं, ओरडा खाल्ला म्हणून रडतेय.

"समुद्र राहू दे," ती एका संध्याकाळी म्हणाली. "पुढच्या वर्षी जाऊ."

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "पोर दोन वर्षं पुढच्या वर्षाची वाट बघतेय. जा तुम्ही."

"आणि तुम्ही?"

"मला ताईकडे सोडा."

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो ना, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तिथे येईन? मग झालं तर."

"जमलं होतं!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुम्हाला जमलं होतं, बाबा. मीच मोडलं."

"प्रेमाने केलंस," ते म्हणाले. "मला काय कळत नाही?" त्यांनी तिची समजूत घातली आणि तिला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं.

निघायच्या सकाळी अंगणात गाडी उभी होती. आधी बाबांना ताईकडे सोडायचं, मग स्टेशन. नवरा पिशव्या ठेवत होता, भिंगरी केव्हाची पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. सूनबाई अनवाणी पायांनी आत आली, खिडक्या लावायच्या राहिल्या होत्या म्हणून. खोलीच्या दाराशी ती थांबली.

बाबा खुर्चीत बसले होते. स्वच्छ सदरा, दोन्ही पाय जुळवलेले, मांडीवर छोटी पिशवी. नव्या भिंती, नवी जमीन, कुठे म्हणून आवाज नव्हता, त्यामुळे ती आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. खोलीत कुणी नाही असंच त्यांना वाटत असणार. थोड्या वेळाने त्यांनी पिशवी बाजूला केली. उजवा हात मांडीवरून उचलला आणि समोर धरला, तळवा वर करून. कुणी हाक मारली नव्हती, कुणी चला म्हटलं नव्हतं. हात तसाच रिकाम्या खोलीत वाट बघत राहिला, आणि त्यांनी तो खाली घेतला नाही.

तिने पुढे होऊन तो हातात घेतला. बाबा लगेच उठले आणि तिच्या मागून चालायला लागले. हात कुणाचा आहे, हे त्यांनी विचारलं नाही.